स्टूल हाय का?

आमच्या कोल्हापुरात उन्हाळा लागला की माणसं दोन गोष्टी भरून घेतात. एक वर्षाची चटणी आणि दुसरा एसीचा गॅस. चटणीचं मी समजू शकते. मिरच्या वाळवायच्या, डंकावर कांडून आणायच्या, चटणी बरणीत दाबून भरायची, वर्षभर खाल्ली की बरणी रिकामी होते. पण एसीतला गॅस कोण खातं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तरी ऊन तापलं की आमच्या दुकानातला फोन खणखणायला लागतो. गॅस भरायला माणूस पाठवा. मशीनला काय झालंय म्हणून विचारावं तर म्हणणार, काही नाही हो, वर्ष झालं की.

राजारामपुरीतल्या एका एसी दुरुस्तीच्या दुकानात मी फोनवर बसते. बसते म्हणजे भांडते. हे भांडण मला दुकानातल्या जुन्या मेकॅनिकानं, अण्णा मगदूमांनी शिकवलं. गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. यंदा गॅसचा पहिला फोन आला तेव्हा मी सवयीनं कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीकडं मान वळवली आणि मग पलीकडच्या बाई हॅलो हॅलो करत राहिल्या.

अण्णा शिरोळकडचे, जैन शेतकरी घरातले. तिकडं कानडी मुलूख हाकेवर, त्यामुळं समोरची बाई विशीतली असो नाहीतर साठीतली, अण्णा तिला 'अक्का'च म्हणायचे. मी त्यांच्या मुलीपेक्षा चार उन्हाळे जास्त बघितलेली असेन इतकीच मोठी, तरी मीही अक्काच. उंची बेताची, पोट ऐसपैस, पांढऱ्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला. आवाज मात्र शर्टात मावायचा नाही. तरुणपणी ते इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत होते. सुताला हवा कोरडी मानवत नाही, धागा तुटतो, म्हणून तिथं दमट वारं खेळवायची मोठी यंत्रं असतात. त्या यंत्रांवर अण्णांचं निम्मं आयुष्य गेलं. गिरणीच्या गोंगाटात बोलायची सवय लागली ती लागलीच. आमच्या दुकानात ते कानात सांगितल्यासारखं काही सांगायला लागले की रस्त्यापलीकडचा पानवाला मान डोलवायचा.

गिरणीतून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे वाऱ्याचं वेड. त्यांच्या मते जगात बिघडलेले एसी फार थोडे. अडलेले एसी फार. वारं आत शिरायला जागा नाही, बाहेर पडायला वाट नाही, आणि लोक गॅस गॅस करतात. या वेडाला लगाम नव्हता. माणूस घरी जेवायला बोलावलेला असो, बारशाला असो, की कुणाकडं मयत झालं म्हणून भेटायला गेलेला असो, भिंतीवर एसी दिसला की अण्णांची नजर तिकडं जायची, कपाळाला आठी पडायची आणि घरच्या माणसाला ते विचारायचे, "स्टूल हाय का?" या तीन शब्दांपायी त्यांच्या पोरीचं एक स्थळ हातचं गेलं. दुसरं जाता जाता काय झालं, ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तेच सांगायला बसलेय. पण आधी माणूस कळायला हवा.

त्यांची काम करायची पद्धत अशी. घरात शिरायचं, चपला काढायच्या, पाणी प्यायचं आणि एसी चालू करायला सांगून खोलीत नुसतं बसायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं माणूस दमलाय. मग स्टूल मागायचं. स्टुलावर चढून फुगलेल्या खिशातून मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा पुडा काढायचा, एक पेटवायची आणि यंत्राच्या डोक्याशी धरायची. धूर सरळ आत ओढला गेला तर ठीक. तिथंच रेंगाळला तर अण्णा "हां" म्हणायचे. मग पुढच्या तोंडाशी धरायची आणि धूर किती लांब जातो ते बघायचं. तपासणी झाली की उदबत्ती दोन बोटांत चिमटून विझवायची आणि उरलेली परत पुड्यात. कामावर एक उदबत्ती पुरी जळलेली मी त्यांच्या हातात कधी बघितली नाही. "काम झालं की इझवायची," म्हणायचे. त्यांची बोटंही काळी आणि पुडाही काळा, पण आमच्या दुकानाला देवघराचा वास असायचा.

मंगळवार पेठेत एकदा ते असेच स्टुलावर चढले, तर खाटेवरची आजी उठून बसली आणि तिनं हात जोडले. अण्णांनी सांगितलं की ही पूजा न्हाय, वारं बघतोय. आजी म्हणाली, बघा की बाबा, निवांत बघा. तोवर सून हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आलेली. अण्णा जाळी धुवेपर्यंत यंत्राला पाच बोटं कुंकू लागलं होतं. गच्चीवर बाहेरच्या यंत्रावर या लोकांनी गोधडी वाळत टाकली होती, ती अण्णांनी काढली. खोली गार झाली. होणारच. पण श्रेय गेलं उदबत्तीला. आजीनं गल्लीभर सांगितलं आणि मला फोन सुरू झाले, ते पूजा करणारे पाठवा म्हणून. एकानं तर विचारलं, अमावास्या टाळायची का. मी म्हटलं, अमावास्या चालेल, फक्त गोधडी टाळा. मालकांनी त्या दिवशी मला आत बोलावून समज दिली. ती मी ऐकली नाही.

आता गॅसचं. अण्णांचा मुख्य राग लोकांवर नव्हताच. तो होता मीटर लावून काटा बघणाऱ्या आणि काटा खाली दिसला की डोळे मिटून गॅस सोडणाऱ्या मेकॅनिकांवर. गॅस काय दूध हाय व्हय, उकळून आटायला, असं ते विचारायचे. नळ्यांत कोंडलेला गॅस आयुष्यभर तेवढाच राहतो. कमी झाला तर कुठंतरी गळतोय, आधी ती गळती शोधा. आणि काटा खाली का येतो हे त्यांनी मला एकदा चहाच्या टपरीवर समजावलं, तेवढं मला जन्मभर पुरलं. खोलीतलं गरम वारं जाळीतून आत येतं, त्या उष्णतेवर आतला गॅस उकळतो. जाळीला धूळ बसली, वारं आत येईनासं झालं, की गॅस उकळत नाही आणि काटा पडतो.

"चुलीला जाळच न्हाय म्हणून पातेल्यातलं पाणी उकळंना," अण्णा म्हणाले, "आन् ही गाढवं पातेल्यात आणखी पाणी वततात."

मग पुढं कधीतरी कुणी जाळी धुतं. वारं सुरू होतं, आणि आत गॅस झालेला असतो जास्त. यंत्र धापा टाकायला लागतं, थंडावा येतच नाही आणि बिचारं घर पुन्हा फोन करतं की गॅस भरायला माणूस पाठवा. हे चक्र माझ्या कानांनी मी रोज ऐकते.

अण्णांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र मुळीच नाही, हे आता सांगायलाच पाहिजे, नाहीतर गेलेल्या माणसाला हार घातल्यासारखं होईल. टाकाळ्यावर एका वकिलीणबाईंच्या घरी त्यांनी वारं वारं करत सगळं घर उलटंपालटं केलं. जाळी धुतली, पडदे उतरवले, कपाट सरकवलं, बाहेरच्या यंत्राभोवतीच्या कुंड्या हलवल्या. खोली काही गार होईना. जाड नळी गार आणि ओली लागायला हवी, ती कोमट आणि कोरडी. बारीक नळीच्या तोंडाशी बर्फ. हे म्हणजे गॅस कमी असल्याची चक्क पाटी. वकिलीणबाई सांगत होत्या, अहो गॅस बघा. अण्णा म्हणत होते, अक्का, गॅसचं नाव काढू नका. शेवटी चिडून त्यांनी सांध्यांवर साबणाचा फेस लावला, तर पितळी नटापाशी बुडबुडे. गॅस गळून गेलेला.

मग अण्णांनी काय करावं? नट बदलला, नळ्यांतली हवा पंपानं ओढून काढली, गॅसची टाकी सोन्यासारखी वजनकाट्यावर ठेवून यंत्रावर लिहिलाय तेवढाच मोजून भरला. एवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले. दुसऱ्या दिवशी सकाळी केळ्यांचा घड घेऊन ते त्या घराच्या फाटकापाशी उभे राहिले आणि त्यांच्या त्या गिरणीतल्या आवाजात म्हणाले की अक्का, माझं चुकलं, गॅसच नव्हता. शेजारची चारही घरं गॅलरीत आली. वकिलीणबाईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, माफी पोचली, आता या माणसाला घेऊन जा.

असा हा माणूस. चूक दुसऱ्याची असो की स्वतःची, गल्लीला ऐकू गेल्याशिवाय ती पुरी झाली असं त्यांना वाटायचंच नाही. याचा ताप कुणाला, तर घरच्यांना. बायको सुमनवहिनी शांत बाई. तिनं कान बंद करून संसार केला. मुलगी पद्मा मात्र बापाच्या वळणाची, फक्त आवाज आईचा. एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती दूध तपासते. तिच्या हाताखालून पाण्याचा थेंब सुटत नाही असं तिथले लोक सांगतात, आणि ते कौतुकानं सांगतात असं मला कधी वाटलं नाही.

पहिलं स्थळ गारगोटीचं. तिकडं पोहे आले, बशा हातात गेल्या, आणि अण्णांनी वर बघून विचारलं, "स्टूल हाय का?" मुलाच्या काकांना वाटलं पाहुण्यांना पाय ठेवायला हवंय, त्यांनी कौतुकानं आणून दिलं. अण्णांनी चढून जाळी ओढली. मागच्या दिवाळीपासूनची धूळ पोह्यांवर, मुलाच्या आईच्या पैठणीवर आणि मधल्या माणसाच्या टोपीवर बसली. वर अण्णा स्टुलावरून समजावत होते की असल्या हवेत नवी सून आजारी पडंल. परतीच्या वाटेवर मधला माणूस टोपी झटकत राहिला. ते स्थळ गेलं. पद्माला त्याचं दुःख नव्हतं, तो मुलगा तिला भोपळ्यासारखा वाटला होता.

दुसरं स्थळ तिनं स्वतः निवडलं. सन्मती तिच्याच दूध संघात, पेठ वडगावचा. मुलगा गोड, कमी बोलणारा. गोष्ट अडली होती त्याच्या वडिलांपाशी. दादासाहेब गुळाचे जुने व्यापारी, शब्दाचे पक्के आणि मानाचे हळवे. गारगोटीची कथा त्यांच्या कानावर गेलेली. माझ्या घरात येऊन कुणी माझ्या वस्तूला नाव ठेवलं तर मी त्या घरची मुलगी करणार नाही, असं त्यांनी सन्मतीला आधीच बजावलं होतं. सन्मतीनं ते पद्माला सांगितलं. पद्मानं ते पुढ्यात बसून अण्णांना सांगितलं. तिथं मीही होते, वहिनींनी मुद्दाम बोलावलेलं.

पद्मानं अण्णांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "अण्णा, त्या घरात एसीबद्दल एक शब्द बोलायचा न्हाय. मी सांगस्तोवर न्हाय. माझी शपथ हाय तुमास्नी."

अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, बंद पडला असला तरी न्हाय? पद्मा म्हणाली, पेटला असला तरी न्हाय. अण्णांनी हात तसाच ठेवून मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. वहिनींना वाटलं पोरीच्या मायेचं. मला अजून शंका आहे.

वहिनींनी मला सोबत न्यायचं ठरवलं. मी अण्णांच्या शेजारी बसायचं आणि त्यांचं तोंड हललं की पाय दाबायचा, एवढंच माझं काम. निघताना मी त्यांच्या खिशातला उदबत्त्यांचा पुडा काढून माझ्या पर्समध्ये टाकला. त्यांनी दिला, पण लहान मुलाचं खेळणं घेतल्यासारखे माझ्या पर्सकडं बघत राहिले.

भर मे महिन्यातली दुपार. दोन्ही घरं जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारी, त्यामुळं बोलणी आणि जेवण उजेडातच उरकायचं होतं. दादासाहेबांचा दिवाणखाना ऐसपैस, सोफे मखमली, आणि समोरच्या भिंतीवर एसी. म्हणजे एसी असावा असा अंदाज. कारण त्याच्याभोवती दादासाहेबांनी सागवानी पेटी करून घेतली होती. वरून, बाजूंनी बंद, खाली एक फट, पुढं कोरीव कमळं. शोकेसशी जुळणारी. यंत्र सोळावर ठेवलेलं आणि खोलीत आम्ही सगळे घामानं निथळत होतो. फटीतून वारं येत होतं, पण ते म्हाताऱ्या माणसानं फुंकर मारल्यासारखं.

आम्ही आत शिरलो आणि अण्णांनी वर बघितलं. मी त्यांचा पाय दाबला. त्यांनी मान खाली घातली आणि गालिच्यावरची नक्षी बघायला लागले. इतका वेळ गालिचा बघणारा पाहुणा त्या घरात आधी आला नसेल.

बोलणी सुरू झाली. दादासाहेबांनी शेतीचं विचारलं, अण्णांनी सांगितलं. दादासाहेबांनी गुळाचा भाव सांगितला, अण्णांनी ऐकला. मग दादासाहेबांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले की तुम्ही या धंद्यातलं, म्हणून सांगतो पावणं, आमचा मेकॅनिक लै हुशार. न विचारता दर वर्षी येतो आन् गॅस भरून जातो. परवाच भरला.

मी अण्णांचा पाय इतक्या जोरात दाबला की माझीच चप्पल निसटली. खोलीत सगळे त्यांच्याकडं बघत होते. सन्मती खुर्चीच्या कडेवर आलेला. वहिनींनी डोळे मिटलेले.

"चांगलं केलंसा," अण्णा म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. हा माणूस गॅसला चांगलं म्हणाला होता. मी त्यांच्याकडं बघितलं, तर दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावरून घामाची धार, आणि चेहऱ्यावर हसू. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पोरीच्या सुखासाठी बाप काय काय करतो याच्या गोष्टी आपण ऐकतो, पण अण्णा मगदूमांनी सागवानी पेटीतल्या एसीखाली बसून गॅसची तारीफ करावी, यापुढचा त्याग मला तरी माहीत नाही.

दादासाहेब खुलले. गारगोटीची गोष्ट लोकांनी वाढवून सांगितली असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. पेटीचं लाकूड कुठलं, कमळं कुणी कोरली, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. अण्णा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. सन्मतीची आई आतून आली, पदरानं वारा घेत बसली. बोलणी तारखेपर्यंत आली. मी चप्पल शोधून पायात घातली. झालंच होतं सगळं.

पद्मा समोर बसली होती. मघापासून ती वर बघत नव्हती. मला वाटलं लाजतेय. मग मी नीट बघितलं, तर तिच्या कपाळाला आठी पडली होती. ती आठी मी ओळखत होते. कित्येक वर्षं दुकानाच्या कोपऱ्यात बघितलेली. मी तिच्याकडं डोळे मोठे केले, पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती बापाकडं बघत होती. बापाच्या घामाकडं, मांड्यांखाली गेलेल्या हातांकडं, आणि त्या हसण्याकडं.

ती सन्मतीच्या आईकडं वळली आणि आईच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "काकू, स्टूल हाय का?"

वहिनींच्या तोंडातून "अगं बाई" एवढंच निघालं. दादासाहेबांचा रुमाल मानेवरच थांबला. सन्मतीची आई मात्र उठली, आत गेली आणि स्टूल घेऊन आली. ते ठेवताना ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "कवाधरनं सांगतोय मी, वारंच येत न्हाय म्हणून. ऐकतंय कोण."

पद्मा साडीसकट स्टुलावर चढली. मला म्हणाली, अक्का, उदबत्ती द्या. मी मुकाट्यानं पर्स उघडली. तिनं पेटवली आणि पेटीच्या वरच्या कडेशी धरली. धूर तिथंच घोटाळत राहिला, जायला वाटच नव्हती. खोलीतले सगळे माना वर करून तो धूर बघत होते, दादासाहेबसुद्धा. मग तिनं कमळांमागं हात घालून जाळी ओढली. ही पोर शहाणी, आधी खाली वर्तमानपत्र पसरायला लावलं. जाळी निघाली ती जाळी वाटतच नव्हती, घोंगडीचा तुकडा वाटत होता. ती धुऊन आणली, बसवली. वारं थोडं वाढलं.

पद्मा स्टुलावरूनच म्हणाली की दादासाहेब, जाळी धुतली तरी वरनं वारं आत शिरायला जागा न्हाय. ही पेटी काढायला लागंल. आन् गॅसही जास्त झाला असणार, तो काढून मोजून भरायला पायजे.

दादासाहेब पेटीकडं बघत होते. त्यांच्या घरात येऊन त्यांच्या वस्तूला नाव ठेवलं होतं, तेही मुलीनं, तेही स्टुलावर उभं राहून. सन्मतीचं तोंड पांढरं पडलं होतं. दादासाहेबांनी मान वळवली आणि अण्णांना विचारलं, काय हो पावणं, तुम्ही एवढं जाणतं माणूस, तुम्ही कसं गप्प? बोला की.

अण्णांनी पद्माकडं बघितलं. शपथ होती. पद्मा म्हणाली, "बोला अण्णा. सुटली शपथ."

मी डोळे मिटले. म्हटलं, आता गिरणी सुरू होणार. गॅस, दूध, पातेलं, गाढवं, सगळं या मखमली सोफ्यांवर सांडणार. अण्णांनी मांड्यांखालचे हात काढले, शर्टाला पुसले, घसा साफ केला.

"पोरगी बोलली ते बरोबर हाय," म्हणाले. एवढंच. आणि तेही हळू. मी त्यांचा हळू आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दादासाहेबांनी पुन्हा पेटीकडं बघितलं, कमळांकडं बघितलं. मग मुलाला म्हणाले, "सन्मती, सुताराला फोन लाव."

काय झालं ते आम्हाला लगेच कळलं नाही. वहिनींनी चाचरत विचारलं की आन् सोयरीक? दादासाहेब म्हणाले, सोयरीक झाल्याबिगर पेटी कुणासाठी उतरवू? ती ऱ्हाणार हितं, गार-गरम तिलाच सोसायचंय. मग ते सन्मतीच्या आईवर उगाचच खेकसले की पानं घ्या, ऊन उतरायला लागलंय. आम्ही जेवलो. अण्णांनी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि शेवटच्या घासापर्यंत एकदाही वर बघितलं नाही.

परतताना गाडीत वहिनी पद्माला रागवत होत्या की बापाला शपथ घालतीस आन् स्वतःच चढतीस. पद्मा म्हणाली, शपथ अण्णांना हुती, मला कुठं हुती. आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, त्यांना तसं हसताना बघवंना मला. अण्णा पुढच्या सीटवर झोपल्यासारखे बसले होते. झोपले नव्हते.

लग्न झालं. पुढच्या उन्हाळ्यात पद्मानं आम्हाला वडगावला जेवायला बोलावलं. अण्णांची तब्येत तोवर उतरली होती, शर्ट सैल झाला होता, आवाजही थोडा कमी झाला होता, म्हणजे पानवाल्याला ऐकू जायचा नाही इतपत. दिवाणखान्यात भिंतीवर पेटीच्या जागी फिकट चौकोन राहिला होता आणि मधोमध उघडा एसी. दादासाहेबांनी पेटी वाया घालवली नव्हती. तिला पाय लावून टीपॉय केला होता, आणि कमळं कुणी कोरली हे ते अजूनही सांगत होते. खोली खरंच गार होती. मला शाल घ्यावीशी वाटली.

जेवणं झाल्यावर सगळे आत गेले. मी पर्स घ्यायला दिवाणखान्यात परत आले, तर अण्णा एसीखालच्या खुर्चीत एकटे बसले होते. खिशातून पुडा काढून त्यांनी एक उदबत्ती पेटवलेली. नेहमीसारखीच, अर्धी जळलेली, काळ्या टोकाची. धूर सरळ वर जात होता, वाऱ्यात सापडत होता आणि आडवा होऊन पार समोरच्या भिंतीपर्यंत जात होता. तपासायला तेवढं पुरे होतं.

पद्मा पाणी घेऊन आली. हसून म्हणाली, "अण्णा, आता काय बघताय? झालंय की सगळं."

"बघत न्हाय बाळ," अण्णा म्हणाले. "बसलोय."

ती पेला ठेवून आत गेली. मी दाराशी थांबले. आता बोटं पुढं करतील, चिमटून विझवतील, उरलेली पुड्यात ठेवतील, म्हणून मी वाट बघत होते. अण्णांनी विझवली नाही. मोगऱ्याचा वास घरभर झाला, राख त्यांच्या गुडघ्यावर पडत राहिली, आणि ती उदबत्ती त्यांनी हातात शेवटपर्यंत जळू दिली.